पांढरा ससा फोटोत नुसता पांढरा डाग दिसतो, पिल्लं हलतात, जास्वंदीचा लाल गोळा होतो – मदत हवी आहे

चिरेबंदी:

मंडळी, नमस्कार.

आमचं घर राजापूर तालुक्यात, वाडीच्या टोकाला. पुढे शेणाने सारवलेलं खळं, मागे परसदारी जास्वंद, अबोली, सोनटक्का, गुलबक्षी आणि गडग्याला लागून तेरडा. घरात पाळलेले दोन ससे आहेत, पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. मांगरात पेंढ्यावर मांजरी व्यायली, तिची तीन पिल्लं आता पाच आठवड्यांची आहेत. एक काळं, एक पिवळ्या पट्ट्यांचं आणि एक तिरंगी. या सगळ्यांचे फोटो काढायचे आहेत आणि तिथेच घोडं अडलंय.

फोटो कशासाठी हवेत ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. येत्या जूनपासून दोन्ही मुलं शिकायला रत्नागिरीला मावशीकडे राहतील. त्यांच्या खोलीत लावायला दोन-तीन मोठे फोटो हवेत. शिवाय सासूबाईंसाठी छापील अल्बम करायचा आहे, कारण फोनच्या पडद्यावर त्यांना नीट दिसत नाही. टोपलीत बसवलेला ससा, गळ्यात रिबीन बांधलेलं पिल्लू, मागे पडदा, असले फोटो मला नकोत. दुपारचं आवरलं की सासूबाई पडवीत अबोलीचा वळेसर करत बसतात. ससा त्यांच्या नऊवारीच्या काठाशी अंग चोरून पडलेला असतो, पिवळं पिल्लू दोऱ्याच्या टोकावर झडप घालत असतं, आणि धाकटी सुपलीतली फुलं निवडून देत असते. हे जसं घडतं तसं मला हवंय. मुलं घरापासून लांब गेली की त्यांना आठवेल ते हेच, असं मला मनापासून वाटतं.

कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स आणि नंतर घेतलेली ५० एमएम एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). फोनही आहे, मध्यम किमतीचा.

आता अडचणी. सारवलेल्या जमिनीवर ससा बसला की जमीन छान दिसते, पण सशाच्या अंगावरचा एक केस दिसत नाही, नुसता कापसाचा बोळा. मोठा करून पाहिलं तर कान कुठे संपतो आणि पाठ कुठे सुरू होते तेही कळत नाही. पण तोच ससा पांढऱ्या चादरीवर असला की मळकट, राखाडी येतो. पिल्लांचं तर विचारू नका. माजघरात उजेड कमी, त्यात ती एका जागी राहत नाहीत, प्रत्येक फोटोत शेपटीचा फराटा. काळ्या पिल्लावर तर फोकसच बसत नाही. जास्वंद डोळ्यांना इतकी सुरेख दिसते, पाकळीवरच्या शिरा मोजता येतात, फोटोत मात्र सपाट लाल ठिगळ.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जनावरांना त्रास द्यायचा नाही. ससा कधीकधी जमिनीला चिकटून गप्प बसतो. मुलांना वाटतं तो फोटोसाठी बसलाय. मला ती शंका येते.

जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

---

उजेडवाट:

ताई, तुमची पहिली अडचण दोन उलट टोकांची आहे, पण मूळ एकच. समोर काय आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. दिसेल त्या सगळ्याचा सरासरी उजेड तो मधल्या करड्या छटेवर आणून ठेवतो. सारवलेली जमीन गडद, ससा त्यात छोटा, म्हणून कॅमेरा सगळंच उजळ करतो आणि सशाचे केस जळून जातात. पांढऱ्या चादरीवर पांढरा ससा असला की त्याला उजेड फार वाटतो, तो सगळंच दाबतो आणि ससा मळकट होतो.

म्हणून खळ्यातल्या सशासाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, उणे करा, साधारण पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप उणे म्हणजे उजेड निम्मा). चादरीवर तेवढंच अधिक. एव्ही मोडवर (एफचा आकडा आपण ठरवायचा, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवून मागचं अधिक-उण्याचं बटण दाबून धरायचं आणि वरचं चाक फिरवायचं. फोटो काढल्यावर तो पाहताना डिस्प्लेचं बटण दाबत राहिलात की उजेडाचा आलेख (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड) येतो, आणि जळालेला भाग काळा-पांढरा लुकलुकतो. सशाची पाठ लुकलुकायची थांबेपर्यंत उणे करत जा. जमीन थोडी काळोखी आली तर नंतर उजळता येते, जळालेले केस मात्र परत येत नाहीत. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये, काढलंत तर आणखी सोयीचं. फोनवर सशावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो, मग बाजूला दिसणारा सूर्य खाली ओढा.

पण आकड्यांपेक्षा जागेने जास्त फरक पडेल. ऑक्टोबरच्या उन्हात खळ्याच्या मधोमध कोणताच कॅमेरा पांढरा ससा नीट टिपणार नाही. त्याला पडवीच्या कडेला आणा, जिथे ऊन संपतं त्याच्या हातभर आत. तिथे उजेड मऊ असतो आणि एका बाजूने येतो, आणि केसांचा पोत दिसतो तो बाजूच्या उजेडातच. समोरून पडलेला उजेड पोत पुसून टाकतो. आंब्याखाली सावली असली तरी तिथे टाळा, पानांतून झिरपून आलेला हिरवा रंग पांढऱ्या अंगावर लगेच दिसतो. तांबड्या मातीवर पोटाखाली तांबूस झाक येते. ती मात्र मला आवडते, गाव कळतं त्यातून.

---

चिरेबंदी:

उजेडवाट, मनापासून आभार. उणे करून पडवीत काढले आणि कानातल्या गुलाबी शिरासुद्धा आल्या! सासूबाईंना लॅपटॉपवर मोठे करून दाखवले. आता पिल्लांचं सांगा कुणीतरी, माजघरात शटर १/३० सेकंदाच्या वर जातच नाही.

---

मागचा_बाक:

पिल्लांसाठी १८-५५ काढून ठेवा. ५५वर ती लेन्स एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. तुमची ५०ची लेन्स एफ १.८ला जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे १/३० मिळत होतं तिथे १/२५०च्या वर सहज जाल. खेळणाऱ्या पिल्लाला १/५०० हवं, उडी पकडायची तर १/१०००. टीव्ही मोडवर (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा) १/५०० लावा, आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर सोडा. ३२००पर्यंत दाणे आले तरी छापल्यावर ते फारसे जाणवत नाहीत, हललेला फोटो मात्र कोणत्याच आकारात सुधारत नाही.

फक्त जवळून एफ १.८ला डोळा स्पष्ट येतो आणि नाक धूसर. दोन पिल्लं एका फोटोत हवी असतील तर एफ ४ला जा आणि ती कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येईपर्यंत थांबा. आणि ही लेन्स ३५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, फार जवळ गेलात तर कॅमेरा नुसता घरघरतो.

काळ्या पिल्लाचं कारण वेगळं. फोकसला पकडायला कडा लागते, काळ्या अंगावर ती सापडत नाही. तुमच्या कॅमेऱ्यात फोकसचे नऊ बिंदू आहेत, त्यातला मधला सगळ्यात भरवशाचा. फक्त तोच निवडा आणि डोळ्यातल्या चमकीवर धरा. पिल्लाचं तोंड दाराकडे किंवा खिडकीकडे असेल तरच ती चमक येते, म्हणून आपण दाराला पाठ करून बसायचं. मागच्या पडद्यावर बघून काढू नका, त्यात फोकस सावकाश लागतो. डोळा लावायच्या खिडकीतूनच बघा आणि फोकस एआय सर्वोवर (हलत्या गोष्टीमागे फोकस सतत बदलत राहतो) ठेवा.

१५००डी सेकंदाला तीनच फोटो काढतो, तेव्हा बटण दाबून धरून भागणार नाही, पिल्लू ओळखावं लागेल. झडप घालण्याआधी ते दबतं आणि मागचा भाग डावीकडे-उजवीकडे डोलवतं. तो डोल दिसला की श्वास रोखा आणि तो थांबताक्षणी दाबा.

आणखी एक. उभ्याने काढू नका. उभ्याने काढलेल्या फोटोत पिल्लाचं फक्त डोकं आणि पाठ येते. तुमच्या कॅमेऱ्याचा पडदा वळत नाही, तर सरळ चटई टाकून पोटावर झोपा. फोन असेल तर उलटा धरा, लेन्स खाली येईल अशी, म्हणजे ती अगदी जमिनीलगत जाते. पिल्लाच्या डोळ्यांच्या पातळीवरून सासूबाईंचे हात आणि दोरा केवढा मोठा दिसतो बघा. तुम्ही जो फोटो वर वर्णन केलाय तो तिथूनच मिळेल.

---

रानवाट:

मी पशुवैद्यक आहे, फोटोतलं कळत नाही, पण तुमची शंका बरोबर आहे म्हणून लिहितो. जमिनीला चिकटून, कान पाठीवर दाबून, डोळे विस्फारून बसलेला ससा फोटोसाठी बसलेला नसतो, घाबरलेला असतो. मागचा पाय जमिनीवर आपटला तर तो इशारा समजा. अशा वेळी कॅमेरा खाली ठेवावा आणि मुलांनाही दूर करावं. निवांत ससा कुशीवर पाय ताणून पडतो, तोंड धुतो, किंवा अचानक हवेत उडी मारून अंग पिळतो. ती उडी आनंदाची. सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी नाकासमोरचं दिसत नाही. म्हणून तोंडासमोर लेन्स नेऊ नका, बाजूने, आधी आवाज देऊन जा. कॅमेऱ्याची फोकसची पिंपीं मेनूतून बंद करता येते असं ऐकून आहे, ती करा.

फ्लॅश नकोच. तुमच्या सशांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नाही, दिसतो तो लाल रंग रक्तवाहिन्यांचा, त्यांना तसाही प्रखर उजेड सोसत नाही. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला हुशारीत असतात, तेव्हाच काढा. पारा ३० अंशांपुढे गेला की त्यांना उकाड्याचा त्रास होतो, दुपारी उन्हात तर बसवूच नका. उचलायचं झालं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. कान धरून कधीही नाही. लटकत राहिला आणि जोरात लाथ झाडली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. मुलांनी जमिनीवर बसून मांडीवर घेणं सगळ्यात चांगलं.

पिल्लांच्या बाबतीत घाई करा. जन्मतः सगळ्यांचे डोळे निळे असतात, साधारण सहा-सात आठवड्यांपासून खरा रंग उतरू लागतो. निळे डोळे अल्बममध्ये हवे असतील तर हाच आठवडा. तिरंगी पिल्लू बहुधा मादीच असणार, नर क्वचितच निघतो. पिल्लू आणि ससा एका फोटोत घेताना कुणीतरी हाताच्या अंतरावर असू द्या. आज पिल्लू खेळतंय, पण मांजर शिकारी आहे आणि तिच्या नखाचा ओरखडा सशाला महागात पडतो.

फुलांजवळ जनावरं बसवणार असाल तर कण्हेर, बिट्टी आणि कळलावी यांच्या आसपास नको, तिन्ही विषारी. बाजारातल्या गुच्छातली लिली मांजराच्या घरात आणूच नये, तिचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. जास्वंदीची हरकत नाही, ससे तिची पानं-फुलं आवडीने खातात. एक विनंती, फोटो पाहून कुणी रानातला ससा पकडून आणू नये. आपल्या रानातला ससा वेगळा प्राणी, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित.

---

उजेडवाट:

जास्वंद राहिली. डिजिटल फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन भाग वेगवेगळे नोंदले जातात. जास्वंदीत लालच इतका असतो की तो भाग आधीच काठोकाठ भरतो आणि शिरा बुजतात. एकूण आलेख बरोबर दिसतो म्हणून आपण फसतो. आलेखाच्या पडद्यावर तिन्ही रंगांचे वेगळे आलेखही दिसतात, त्यातला लाल उजवीकडे आपटायचा थांबेपर्यंत उणे करा, एक स्टॉपपेक्षा जास्त लागलं तरी चालेल. पिक्चर स्टाइल (मेनूतली रंगांची सेटिंग) लँडस्केपवर असेल तर न्यूट्रलवर आणा. ऊन मागून पाकळीतून आरपार येऊ द्या, मग शिरा आपोआप उमटतील.

बाकी फुलांच्या वेळा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मी दिवेलागणीच्या आधीची अर्धी घटका धरेन. गुलबक्षी तेव्हा उमललेली असते, सोनटक्का उघडत असतो, आणि रानवाट म्हणतात तसे ससेही तेव्हाच बाहेर पडतात. वारा असेल तर फुलाचा नाद सोडून ससा काढा. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा फुलं.

---

चिरेबंदी:

सगळ्यांचे फार फार आभार. मुलांना रानवाटांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, आता ससा दबला की धाकटीच मला "आई, कॅमेरा खाली" म्हणते. शेवटचं विचारते, शहरात छापायला देताना फोटो व्हॉट्सअॅपने पाठवले तर चालतील का? आणि किती मोठे छापता येतील?

---

मागचा_बाक:

व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो आकार कमी करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर फाइल जशीच्या तशी जाते, नाहीतर पेनड्राइव्ह द्या. ८ बाय १२ इंचाला ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. तुमचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो, म्हणजे २० बाय १३ इंचापर्यंत निर्धास्त छापा. भिंतीवरच्या फोटोंना मॅट कागद सांगा, चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड पडला की सशाचे केस पुन्हा दिसेनासे होतील. सगळं एकदम छापायला टाकू नका, आधी पांढऱ्या सशाचा एकच फोटो लहान आकारात छापून आणा. त्यात केस दिसले तर बाकीच्यांची काळजी नाही.