सीनिअर कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचंय: आधी सेट की एनआयएस?

खोखोवाला: एम.पी.एड.चं (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) दुसरं वर्ष चालू आहे, आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून झालीय. संचालकपदासाठी आधी सेट-नेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) द्यावी की पतियाळ्याचा एनआयएस (राष्ट्रीय क्रीडा संस्था) डिप्लोमा करावा? आणि ते १२ मिनिटांचं धावणं काय असतं?

जिमखाना_जुना: आधी सेट-नेट. एनआयएस माणसाला कोच बनवतं, पण संचालकपदाच्या पात्रतेत ते नेट-सेटच्या जागी चालत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८च्या नियमावलीप्रमाणे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, नेट/सेट किंवा नियमात बसणारी पीएच.डी., खेळल्याचा पुरावा आणि शारीरिक क्षमता चाचणी असं सगळं लागतं. नेटला शारीरिक शिक्षणाचा विषय क्रमांक ४७. पगार लेव्हल १०, मूळ वेतन ५७,७०० पासून. तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) घेतलं तर हा आकडा विसरा.

चाचणीत ३० वर्षांपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, स्त्रियांना ८ मिनिटांत १००० मीटर. ४० पर्यंत हेच १५०० आणि ८००. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर तुम्हाला साडेचार फेऱ्या, फेरीला २ मिनिटं ४० सेकंद. अवघड अजिबात नाही. माणसं फसतात ती पहिली फेरी पावणेदोन मिनिटांत मारून. तिसरीला पाय जड होतात आणि चालायची वेळ येते. वैद्यकीय दाखला आधीच काढून ठेवा, त्याशिवाय चाचणीला उभं करत नाहीत.

शिट्टी: वरचं बरोबर. पण नोकरी लागल्यावर मैदानापेक्षा टेबलावर जास्त वेळ जातो, हे आधीच कळलेलं बरं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा प्रवेश अर्जच बघा, त्याला हे लागतं: दहावी-बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची फीची पावती, प्राचार्यांची सही-शिक्का. वय १ जुलैला धरतात. आधारवर 'गणेश', दहावीच्या गुणपत्रिकेवर 'गणेशकुमार' असं निघालं की अख्खा संघ टेबलापाशी ताटकळतो. म्हणून जुलैत प्रवेश होतानाच खेळाडूंच्या झेरॉक्स खेळवार फायलीत लावा, नावं तेव्हाच ताडून घ्या.

डेडस्टॉक रजिस्टरही (टिकाऊ साहित्याची नोंदवही) तसंच. जुन्या संचालकांकडून चार्ज घेताना प्रत्येक वस्तू मोजूनच सही करा. नाहीतर कागदावरच्या चौदा बॅटा ऑडिटला तुमच्याकडून मागतील.

खोखोवाला: नॅकचं (कॉलेजचं मूल्यांकन) काम पण क्रीडा संचालकाकडेच?

शिट्टी: खेळापुरतं, हो. सांघिक पदक एकच मोजतात. बारा खेळाडूंची बारा प्रमाणपत्रं जोडली तरी एकच, त्यामुळे आकडे फुगवू नका, पडताळणीत कापले जातात. प्रमाणपत्रं स्पर्धेहून परतल्याच्या दिवशीच स्कॅन करा. मुलं पास होऊन गेली की मिळत नाहीत.

जिमखाना_जुना: एनआयएस नंतर करता येतं. पूर्ण डिप्लोमा वर्षभराचा, रजा मिळणं कठीण. सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स मात्र मे-जूनच्या सुट्टीत बसवायचा प्रयत्न करा.