शब्दचर्चा: ‘संबंधित जनुक’ की ‘जवळचं जनुक’?

अनुस्वार: एका भाषांतरात ‘निअरेस्ट जीन’चं ‘संबंधित जनुक’ केलंय. मूळ तक्त्यात जीनोमचे (संपूर्ण डीएनएचे) पट्टे, प्रत्येकासमोर जनुकाचं नाव आणि अंतर. चालेल का?

बेसजोडी: नाही. हा तक्ता बेडटूल्स या जीनोमचे पट्टे ताडून बघणाऱ्या संगणकी साधनातल्या ‘क्लोजेस्ट’ आज्ञेचा दिसतोय. ते नुसतं अंतर मोजतं, आणि शेजारी म्हणजे सोयरा नव्हे. एफटीओ या जनुकाचंच बघा. लठ्ठपणाशी जोडलेले डीएनएतले फरक २००७ मध्ये त्याच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये (जनुकातल्या, प्रथिनाची कृती नसलेल्या तुकड्यात) सापडले आणि ते ‘लठ्ठपणाचं जनुक’ ठरून बसलं. २०१४ मध्ये दिसलं, की तो पट्टा सुमारे ५ लाख बेसजोड्यांवरच्या (म्हणजे डीएनएच्या तितक्या अक्षरांवरच्या) आयआरएक्स३ या जनुकाच्या प्रवर्तकाला (ते सुरू करणाऱ्या भागाला) भिडतो. एसएचएच या जनुकाची तर आणखी कमाल. हातापायांच्या वाढीत त्याला चालू करणारा वर्धक जवळजवळ १० लाख बेसजोड्या दूर, एलएमबीआर१ या भलत्याच जनुकाच्या पोटात आहे. त्यातल्या एका अक्षराच्या बदलानेही जादा बोट येऊ शकतं. ‘क्लोजेस्ट’ इथे एलएमबीआर१ आणि अंतर ० छापेल.

अनुस्वार: मग ‘लगतचं’?

वेलांटी: लगत म्हणजे खेटून. शेतालगतची विहीर म्हटलं की मध्ये दुसऱ्याचं शेत येत नाही. अंतर ३ लाख असेल तिथे हा शब्द फसवेल. ‘सर्वांत जवळचं’ बरं.

बेसजोडी: कशापासून जवळचं, तेही लिहा. अख्खं जनुक धरलं तर इंट्रॉनमधल्या प्रत्येक पट्ट्याचं अंतर ० येतं, म्हणून बरेचजण प्रतिलेखनाचा (जनुकाची आरएनए नक्कल होण्याचा) आरंभबिंदू धरतात. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी अधिक धाग्यावरच्या जनुकाचा आरंभ जीटीएफच्या (जनुकांच्या जागांच्या फाइलीच्या) ‘स्टार्ट’ रकान्यात असतो, उणे धाग्यावरच्याचा ‘एंड’मध्ये. सरसकट ‘स्टार्ट’ उचललं की उणे धाग्यावरची जनुकं आपल्याच लांबीइतकी चुकतात. शिवाय जीटीएफ १ पासून मोजते आणि बेड (पट्ट्यांची फाइल) ० पासून, त्यामुळे आरंभातून १ वजा करावा लागतो.

पट्ट्यांची आणि जनुकांची अशा दोन्ही फाइली आधी गुणसूत्र आणि स्थानानुसार लावून घ्यायच्या, दोन्ही जीनोमच्या एकाच आवृत्तीच्या हव्यात. एक एचजी१९ आणि दुसरी एचजी३८ असली तर काहीच बोंब होत नाही, आकडे मात्र गुपचूप चुकतात. गुणसूत्राचं नाव एकीत ‘सीएचआर१’ आणि दुसरीत नुसतं ‘१’ असेल, तर जनुकाच्या जागी टिंब आणि अंतराच्या जागी उणे १ येतं.

वेलांटी: आणि ‘ग्रेट’ हे साधन वापरलं असेल तर? ते नुसतं जवळचं घेत नाही ना?

बेसजोडी: बरोबर. तिथे प्रत्येक जनुकाला आरंभाच्या मागे ५ हजार, पुढे १ हजार बेस असा गाभा मिळतो. तो दोन्ही बाजूंना शेजारच्या गाभ्यापर्यंत ताणतात, जास्तीत जास्त १० लाख. हा वाटणीचा नियम आहे, तेव्हा ‘नेमून दिलेलं जनुक’ म्हणा. ‘लक्ष्य जनुक’ मात्र पुरावा असेल तरच.

अनुस्वार: एका पट्ट्यासमोर दोन ओळी आहेत, दोन्हींचं अंतर ०. एक खोडू?

बेसजोडी: नावं वेगळी असतील तर नको, अंतर सारखं असलं की ‘क्लोजेस्ट’ दोन्ही छापतं. तेच नाव दोनदा असेल तर यादीत बहुधा जनुकांऐवजी ट्रान्सक्रिप्ट (एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आरएनए नकला) घेतलेत.