दोन दिवस गोल्फचे: खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, जळगाव
दिवाळीनंतर आम्ही चौघं एका गोल्फ रिसॉर्टवर दोन रात्री राहून आलो. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की "ते मोठ्या लोकांचं" म्हणून विषय मिटतो. पण १८ होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे, चालत खेळलं की आठेक किलोमीटर सहज होतात, फोन बॅगेत राहतो आणि घरची माणसं एकमेकांशी बोलतात. आमच्याकडे हे फार वर्षांनी घडलं. कुणी गेलं असेल तर लिहा. खर्च, खाणं, फजिती, सगळं चालेल.

एरंडोल
मी आप्पांना घेऊन गेलो होतो. त्यांनी जन्मभर कापूस केला. पहिल्याच ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, मी पटर (चेंडू हळूच ढकलायची काठी) घेऊन उभा, आणि आप्पा खाली बसून गवतावरून तळवा फिरवताहेत. एक काडी नखाने उचलली, पेर पाहिलं आणि म्हणाले, "हाई ते हराळी शे!" मला पटेना. तिथल्या माळ्याला विचारलं, तर खरंच. ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हराळीच. ग्रीनवर तिचा बारीक पानांचा संकर लावतात आणि कापून तीन-चार मिलिमीटरवर ठेवतात. आमच्या काळ्या रानात हीच शिरली की उन्हाळ्यात खोल नांगरायचं, काशा वेचायच्या, बांधावर नेऊन जाळायच्या. आईच्या बोटांना त्याचे घट्टे आहेत. आप्पा त्या माळ्याशी तासभर बोलत बसले. पाणी किती, खत कोणतं, मुळी किती खोल जाते. पुढचे तीन होल मी एकटाच खेळलो. त्या सहलीतलं मला हेच सगळ्यात जास्त आवडतं.

भुसावळ
ताई, बुकिंगआधी नीट विचारून घ्या. आम्ही "गोल्फसह" म्हणून पैसे भरले. तिथे गेल्यावर कळलं, त्यात फक्त सरावाची रेंज आणि एक बादली चेंडू. ग्रीन फी (मैदानावर खेळायचे पैसे), कॅडी (काठ्यांची बॅग उचलणारा मदतनीस), भाड्याचा काठ्यांचा सेट सगळं वेगळं. यांच्या टी-शर्टला कॉलर नव्हती म्हणून खोलीवर परत पाठवलं. आधी कुणी सांगितलं असतं तर एवढं लागलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात खेळलो, तेव्हा यांचा चेहरा खुलला.

शहादा
आम्ही गोल्फ नाही, तोरणमाळ केलं. सुमारे ११५० मीटर उंची, यशवंत तलावाकाठी पायी फिरणं, रात्री घोंगडी. धागा वेगळा आहे, तरी राहवलं नाही.

चोपडा
विटीदांडू खेळलेल्याचं मनगट गोल्फला कामी येतं, पण डोकं वर काढायची सवय नडते. कॅडीने मला दहादा सांगितलं, "दादा, नजर चेंडूवर."
लेकीने येताना एक चेंडू आणला. गोल्फचं होल १०८ मिलिमीटरचं, म्हणजे आमटीच्या मोठ्या वाटीएवढं. खळं नुकतंच सारवलेलं होतं. तिने वाटी आडवी ठेवली आणि काठीने चेंडू ढकलायला लागली. सारवलेल्या जमिनीवर तो फार सरळ जातो. ओट्यावर तूर निवडत बसलेली माझी आई सूप बाजूला ठेवून उठली, "दे बरं इकडे." तिसऱ्या खेपेला वाटी टण्णकन वाजली.