'संतोषाने' की 'हसतमुखाने'?

गोदाकाठ: चर्चच्या स्वयंसेवकांसाठी एक पत्रक मराठीत आणायचं काम चालू आहे. विषय आहे कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांची निगा. सुरुवातीच्या वाक्याला आधार रोमकरांस 12:8 चा. मसुद्यात 'हसतमुखाने सेवा करा' होतं. मंडळीतल्या ज्येष्ठांनी ते खोडून 'संतोषाने' केलं, कारण मराठी बायबलात 'दया करणाऱ्याने ती संतोषाने करावी' असं आहे. पण आज 'संतोष' म्हटलं की आहे त्यात समाधान मानणं, हेच डोळ्यांपुढे येतं. काय ठेवावं?

पिंपळपार: संतोषानेच. मुळातला ग्रीक शब्द 'हिलारोतेस'. त्याचाच सख्खा 'हिलारोस' 2 करिंथकरांस 9:7 मध्ये आहे: 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो'. त्याच वचनात उलट बाजूही सांगितली आहे, दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका. म्हणजे संतोषाने म्हणजे राजीखुशीने. जुन्या पत्रांत 'वाचून संतोष जाहला' असतं, तिथे कोण आहे त्यात भागवतंय?

सांजवात: जुन्या पत्रांतली मराठी आज कोण बोलतं? स्तोत्र 100:2 घ्या ना, 'हर्षाने परमेश्वराची सेवा करा'. सगळ्यांना पाठ आहे.

पिंपळपार: तिथली 'सेवा' मुख्यतः उपासना आहे, लगेच पुढे 'गीत गात त्याच्यापुढे या' येतं. हिब्रू 'आवद' धातूत जमीन कसणं, दुसऱ्याकडे राबणं आणि उपासना करणं, तिन्ही अर्थ आहेत. शिवाय तिथला 'सिमहा' हा सणासुदीचा आनंद. दोन वचनांतले दोन शब्द एकमेकांच्या जागी कसे घालता?

पायवाट: काहीही ठेवा, पण 'हसतमुखाने' नको. स्वयंसेवक प्रत्यक्षात काय करतो ते बघा. टबात साधं, कोमट नव्हे, पाणी घ्यायचं. पाय 20 मिनिटं बुडवून ठेवायचे. मऊ झालेली जाड कातडी वजरीने हलके घासायची. ब्लेड अजिबात नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. बाकीचा पाय ओलसर असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलिन चोळायचं, म्हणजे ओल आत राहते. नुसतं तेल कोरड्या पायाला लावून उपयोग नाही. हे रोज करायचं. उघडी जखम असेल तर ड्रेसिंग दवाखान्यात, आणि त्या पायावर भार टाकायचा नाही.

घोटाळा होतो तो मायेपोटी. 'गरम पाण्याने बरं वाटेल' म्हणून कुणी कढत पाणी ओततं. बधिर पायाला चटका कळत नाही, रुग्ण हूं की चूं करत नाही आणि दुसऱ्या दिवशी टरटरून फोड. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवून दिलं: बोटं आपोआप झडत नाहीत, संवेदना गेल्यावर होणाऱ्या जखमा आणि त्यातला जंतुसंसर्ग ती खातो. म्हणून शेवटी चपलेत हात घालून खिळा, खडा चाचपायचा. एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचा, मऊ तळवा दबून चपटा झाला असेल तर चपला बदलायच्या. या सगळ्या वेळात स्वयंसेवकाचं तोंड पायाकडे असतं, हसू दिसतंय कुणाला? रुग्णाला जाणवते ती हाताची घाई, आणि ती नसणं हाच तिथला आनंद.

शब्दवेडा: मग 'सेवा' काढून 'शुश्रूषा' घाला. मूळ 'श्रु' धातू, ऐकण्याची इच्छा. आधी रुग्णाचं ऐका, मग पायाला हात लावा.

सांजवात: व्युत्पत्ती सुरेख, पण दहातले आठ जण तो शब्द चुकीचा लिहितील. पंडिता रमाबाईंनी साध्या माणसाला कळावं म्हणून बायबलचं भाषांतर केलं, 1924 मध्ये ते मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. त्या परंपरेत पत्रक 'निगा राखा' असंच म्हणेल.

शब्दवेडा: सोपं करता करता शब्द मरतात, ताई.

पिंपळपार: सेवकासाठीच्या ग्रीक 'दियाकोनोस' शब्दाचा एक रोजचा अर्थ तर पंगतीतला वाढपी. 'धुळीतून धावणारा' ही व्युत्पत्ती प्रवचनांत ऐकू येते, पण अभ्यासक ती मानत नाहीत. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये सात जण निवडले गेले तेही विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी. वाढप्याला 'हसतमुखाने' शोभतं, कारण तो समोर उभा असतो. इथे तसं नाही, पायवाट यांचं पटलं.

गोदाकाठ: मीही 'संतोषाने'कडे झुकतोय, पण खाली 'म्हणजे कुरकुर न करता, घाई न करता' अशी ओळ लागेलच.

सांजवात: ओळ द्यावी लागते म्हणजे शब्द चुकला.

पिंपळपार: 'वधस्तंभ'ही समजावून सांगावा लागतो. तो काढायचा का?

पायवाट: मसुद्यातलं एक दुरुस्त करा. 'जाड कातडी'ला तुम्ही 'कुरूप' लिहिलंय. कुरूप म्हणजे आत टोचणारी गाठ. दाबाने पसरट जाड होते तो घट्टा, आणि टाचेला चिरा पडतात त्या भेगा.

शब्दवेडा: आमच्याकडे भेगांना जळवात म्हणतात.

सांजवात: आणि 'भोवरी'? ती कुरूप की घट्टा?