शाईने रेखाटलेले प्राणी इतके जिवंत का वाटतात?

प्रश्न: सोळाव्या-सतराव्या शतकांतील चित्रकारांनी शाईने रेखाटलेले प्राणी पुष्कळदा रंगीत चित्रांपेक्षा अधिक चपळ भासतात. यात साधनाचा वाटा किती आणि निरीक्षणाचा किती?

उत्तर १: साधनाचा वाटा मोठाच आहे. पिसाच्या लेखणीवर दाब वाढला की तिचे टोक फाकते व रेषा जाड होते, त्यामुळे एकाच फटकाऱ्यात पाठीचा बाक आणि स्नायूंचा ताण दोन्ही उतरतात. इंग्लंडमधील विंडसर येथे जपलेल्या लिओनार्दो दा विंचीच्या एका कागदावर झोपलेली, अंग चाटणारी, झुंजणारी मांजरे आहेत. त्यांच्या गर्दीत त्याने एक ड्रॅगनही बेमालूम घुसवला आहे, आणि तोही तितकाच लवचीक!

उत्तर २: निरीक्षणाबाबत मात्र सावध राहावे. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ साली गेंडा प्रत्यक्ष न पाहता, लिस्बनहून आलेल्या माहितीवरून रेखाटला; म्हणून त्याची कातडी चिलखतासारखी झाली आणि खांद्यांवर नसलेले शिंगही उगवले. तरीही तो प्राणी पटतो.

उत्तर ३: चर्चा युरोपपुरती का ठेवावी? चीनमधील चित्रकार बादा शानरेनचे (१६२६–१७०५) मासे पाहावेत. त्यांचे वर वळलेले डोळे रागावल्यासारखे दिसतात, आणि पाणी तर तो बहुधा काढतच नाही. कोरा कागदच ते काम करतो.