घोडीला पूर्ण भूल न देता खुराचा एमआरआय करावा का?

प्रश्न (डिचोली):
आमची ११ वर्षांची मारवाडी घोडी सात आठवड्यांपासून उजव्या पुढच्या पायाने लंगडत आहे. जांभ्याच्या कडक वाटेवर ते जास्त जाणवते, मऊ वाळूत कमी. नालबंदाला खुरात पू आढळला नाही आणि एक्स-रेतही काही दिसले नाही. डॉक्टरांनी एमआरआय सुचवला आहे, परंतु पूर्ण भुलेची आम्हाला फार धास्ती वाटते. उभ्या घोड्याचा एमआरआय पुरेसा विश्वासार्ह असतो का? त्यासाठी तिला घाट चढवून लांबच्या एमआरआय केंद्रावर न्यावे का?

उत्तर (फोंडा, पशुवैद्य):
आपली धास्ती रास्त आहे. भूल दिलेल्या घोड्याचे साडेचारशे किलो वजन एकाच कुशीवर पडून राहिल्याने खालच्या स्नायूंचा रक्तपुरवठा कमी होतो आणि शुद्धीवर येताना धडपडून उठण्यात हाडही मोडू शकते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत पोटशूळाचे रुग्ण वगळता भूल दिलेल्या घोड्यांपैकी सुमारे ०.९ टक्के सात दिवसांत दगावले होते.

उभ्याने एमआरआय करताना डेटोमिडीनसारख्या औषधाने केवळ गुंगी दिली जाते आणि फक्त पाय चुंबकाच्या फटीत ठेवला जातो. हे चुंबक साधारण ०.२७ टेस्लाचे (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजण्याचे एकक) असते, तर माणसांसाठी बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाचे वापरतात. त्यामुळे प्रतिमा तितकी बारीक येत नाही. घोडा जरासा डुलला तरी ती अस्पष्ट होते आणि पायात जितके वर जावे तितका हा दोष वाढतो. तरीही नॅव्हिक्युलर हाडातील (खुराच्या आतल्या एका लहान हाडातील) सूज किंवा खुराच्या आतील कंडरेची इजा, जी एक्स-रेत दिसत नाही, ती यात दिसू शकते.

मात्र आधी मज्जातंतू बधिर करण्याची चाचणी करून दुखणे नेमके कुठे आहे ते ठरवावे. पायाच्या खालच्या भागात बधिर करणारी सुई दिल्यावर घोडी सरळ चालू लागली, तरच खुराचा एमआरआय करण्यात अर्थ आहे.

उत्तर (पेडणे):
डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. आमच्या घोड्याची ही चाचणी न करताच एका केंद्राने त्याच्या खुराचा एमआरआय केला. खूर निर्दोष निघाला. दुखणे गुडघ्याजवळच्या स्नायुबंधात असल्याचे नंतर कळले. दोन दिवसांचा प्रवास आणि मोठा खर्च वाया गेला, आणि त्या मुक्या जनावराचे हाल झाले ते वेगळेच.
नेणार असाल तर गाडीत तिचे डोके वर बांधून ठेवू नका. मान खाली घालता आली नाही, तर श्वासनलिकेतील घाण बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो. दर काही तासांनी थांबून पाणी द्या.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांना प्रथम सुईची चाचणी करण्याची विनंती करतो. एमआरआयआधी नाल काढावी लागेल, हे कळले. खिळ्याचा तुकडा आत राहिला तर काय करावे?

उत्तर (फोंडा, पशुवैद्य):
लोखंडाचा बारीकसा तुकडाही प्रतिमेत मोठा काळा डाग पाडतो. म्हणून नाल काढल्यावर खुराचा पुन्हा एक्स-रे घ्या आणि तुकडा दिसला तर नालबंदाकडून तो आधी काढून घ्या.