आंद्रे ३००० चा 'न्यू ब्लू सन': नाव झाकलं असतं तर कोण ऐकत बसलं असतं?

सुरपेटी

आंद्रे ३००० हा हिप-हॉपमधल्या पहिल्या पाचांत बसणारा माणूस आहे, यावर वाद नको. 'आउटकास्ट' या अटलांटाच्या जोडगोळीत बिग बॉयबरोबर त्यानं १९९४ पासून जे केलं, त्याला तोड नाही. २००६ च्या 'आयडलवाइल्ड'नंतर मात्र अल्बम बंद. मधल्या काळात हा गडी दुसऱ्यांच्या गाण्यात एखादं कडवं म्हणायला यायचा आणि गाणं ज्याचं असेल त्यालाच पाहुणा करून जायचा. त्यामुळे १७ नोव्हेंबर २०२३ ला त्याचा सोलो अल्बम येतोय म्हटल्यावर आमच्यासारखे लोक देव पाण्यात घालून बसले होते.

आला तो 'न्यू ब्लू सन'. ८ तुकडे, ८७ मिनिटं, नाना प्रकारच्या बासऱ्या आणि रॅपची एक ओळ नाही. वेष्टनावर चक्क इशारा: 'बार्स नाहीत', म्हणजे रॅपच्या ओळी नाहीत. पहिल्या तुकड्याचं नाव म्हणजे एक लांबलचक माफीनामा. त्याचा अर्थ असा, की शपथेवर सांगतो, मला खरंच रॅपचा अल्बम करायचा होता, पण या वेळी वाऱ्यानं अक्षरशः इकडे आणून सोडलं.

अल्बम वाईट नाही. पण हे असं संथ, पसरत जाणारं, ताल जवळजवळ नसलेलं संगीत अमेरिकेत कित्येक जण वर्षानुवर्षं करताहेत आणि मूठभर लोक ते ऐकतात. आंद्रेनं बासरी तोंडाला लावली आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या, अल्बमांच्या यादीत थेट ३४ वा क्रमांक. तो पहिला तुकडा १२ मिनिटं २० सेकंदांचा, तो त्यांच्याच गाण्यांच्या यादीत, हॉट १०० मध्ये, ९० वा. त्या यादीत शिरलेलं तोवरचं सगळ्यात लांब गाणं म्हणून विक्रम. आणि कळस म्हणजे ग्रॅमीत 'अल्बम ऑफ द इयर'चं नामांकन. हे कौतुक वाजवण्याचं, की वाजवणाऱ्याच्या जुन्या पुण्याईचं? माझ्या मते निव्वळ पुण्याईचं. नवशिक्याच्या शिकण्याला एवढी गर्दी कधी जमत नाही.

बी_साइड

रात्री लावला, तिसऱ्या तुकड्याला झोप लागली. तक्रार नाही. बऱ्याच दिवसांनी इतकी छान लागली.

डेक्कन_क्वीन

सुरपेटी, पुण्याई कुणाला लागू होत नाही? मोठ्या गायकाचा उतारवयातला कापरा आवाज आपण डोळे मिटून ऐकतोच की. तिथे नाव झाकून ऐकायची अट कुणी घालत नाही.

आणि 'नवशिक्या' म्हणताना जरा मागचं बघा. आई २०१३ मध्ये गेली, वडील २०१४ मध्ये. २०१८ च्या मदर्स डेला त्यानं गाजावाजा न करता दोन रचना टाकल्या. त्यातली 'लुक मा नो हँड्स' १७ मिनिटांची, पियानोवर जेम्स ब्लेक आणि हे महाशय बास क्लॅरिनेटवर. तिच्यातही शब्द नव्हते. त्याच्याही मागे जा. २००३ चा 'स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो' हा आउटकास्टचा दुहेरी अल्बम. बिग बॉयच्या अर्ध्यात रॅप, आंद्रेच्या अर्ध्यात बहुतेक सगळं गाणं. त्यातल्या त्याच्या 'हे या!' या गाण्यात रॅप कुठे सापडतो ते दाखवा. त्याच अल्बमला २००४ मध्ये ग्रॅमीचं अल्बम ऑफ द इयर मिळालं, तेव्हा कुणी पुण्याई काढली नव्हती. माणूस वीस वर्षं तुमच्यासमोर रॅपमधून बाहेर पडत होता. तुम्ही दरवाजाकडे पाठ करून बसलात, त्याला तो काय करणार?

बीटखोर

मला बासरीचा राग नाही, त्याच्या कारणाचा आहे.

अल्बमच्या वेळी एका मासिकाला मुलाखत देताना भाऊ काय म्हणाला? मी ४८ वर्षांचा, आता रॅप करणं कधी कधी खोटं वाटतं, बोलायचं कशावर, कोलोनोस्कोपीवर? डोळे अधू झाले त्यावर? अरे बाबा, कर ना त्यावरच! रॅपर जे-झीनं ४७ व्या वर्षी '४:४४' हा अल्बम केला. बायकोशी केलेली प्रतारणा, आईनं उघडपणे सांगितलेलं समलैंगिक असणं, पैसा, पोरांसाठी काय मागे ठेवायचं, सगळं त्यात आहे. पंचविशीत हे त्याला जमलंच नसतं. नास या रॅपरला पहिलं ग्रॅमी ४७ व्या वर्षी मिळालं. रॅपर लिल वेननंही जाहीर बोलून दाखवलं की आंद्रेचं हे ऐकून निराश वाटलं, माझ्याकडे तर बोलायला भरपूर आहे.

आणि गंमत बघा. रॅपर किलर माइक, अटलांटाचाच, आंद्रेच्याच वयाचा, दोघांचा जन्म १९७५ चा. त्याच्या 'मायकल' या अल्बमवर 'सायंटिस्ट्स अँड इंजिनिअर्स' नावाचं गाणं आहे, त्यात आंद्रेचं कडवं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या गाण्याला रॅपची दोन ग्रॅमी मिळाली. म्हणजे 'न्यू ब्लू सन' येऊन तीन महिने होत नाहीत, तोवर 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही' म्हणणारा माणूस रॅपचं बक्षीस जिंकून मोकळा. मग खोटं कुठलं?

रॅप हा तरुण पोरांचा खेळ, हे बाहेरचे लोक म्हणतात तेव्हा आपण भांडतो. आतल्यानं, तेही त्याच्या तोडीच्या माणसानं तेच म्हणावं, हे मला झोंबतं.

अटलांटात_मुक्काम

बीटखोर, +१, पण माझं दुखणं थोडं निराळं आहे.

इथे येऊन राहिल्यावर कळतं की आउटकास्ट या शहराचं काय आहे. रिको वेड नावाच्या निर्मात्याच्या आईच्या घराखाली मातीची जमीन असलेलं एक तळघर होतं, त्याला 'डंजन' म्हणायचे. ही सगळी पोरं तिथे रात्ररात्र बसून शिकली. तेव्हा रॅप म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस, दक्षिणेचे म्हणजे गावंढळ. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला सोर्स अवॉर्ड्स या हिप-हॉपच्या पुरस्कार सोहळ्यात आउटकास्टला नवोदितांचं बक्षीस मिळालं तेव्हा सभागृहानं हुर्यो उडवली. आंद्रे तेव्हा वीस वर्षांचा. माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, दक्षिणेला काही सांगायचं आहे. पुढची तीस वर्षं अमेरिकी रॅप त्या वाक्यावर चाललंय, आज रॅपची राजधानी कुठली म्हटलं तर लोक अटलांटाचंच नाव घेतात.

आणि तोच माणूस ४८ व्या वर्षी म्हणतो, सांगायचं काय? त्याला हक्क आहेच. पण इथल्या लोकांना ते लागलं, हेही समजून घ्या. शिवाय अल्बम लॉस एंजेलिसच्या मंडळींबरोबर केलेला, हे वर.

डेक्कन_क्वीन

@अटलांटात_मुक्काम, पण हुर्यो उडवणाऱ्यांना न जुमानता आपल्याला हवं ते करणं हाच त्या १९९५ च्या रात्रीचा अर्थ नव्हता का? या वेळी हुर्यो आपण उडवतोय, एवढाच फरक.

अटलांटात_मुक्काम

नाही पटलं. तेव्हा तो एका अख्ख्या प्रदेशाच्या वतीनं बोलत होता. आता एकट्याच्या वतीनं फुंकतोय. ठीक आहे, पण दोन्ही एकाच तागडीत घालू नका.

फुंकर

बासरी शिकतो म्हणून चार शब्द. सुरपेटी म्हणतात ते अर्धं खरं आहे.

पन्नालाल घोषांनी लांब बांबूची बासरी ख्यालाच्या मैफलीत आणून बसवली, तेव्हापासून आपला कान एका विशिष्ट गोष्टीला सवकला आहे: मींड. बोट छिद्रावरून हळूहळू सरकवत एका स्वरातून दुसऱ्यात जायचं, श्वास तुटू द्यायचा नाही, मंद्रातही सूर भरलेला राहिला पाहिजे. यासाठी वर्षं जातात. त्या हिशेबानं आंद्रेचं वादन कच्चं आहे. वाक्यं तोकडी, तीन-चार स्वरांत फिरणारी, सूर पुष्कळदा हवेनं भरलेला. एखादी मायन बासरी, एखादी बांबूची, माणसाच्या उंचीची कॉन्ट्राबास बासरी, फुंकून वाजवायचं डिजिटल वाद्य, असं सगळं थोडं थोडं. एका वाद्याशी लग्न लावलेल्या माणसाला हे खटकणारच, मलाही खटकलं.

पण तो काय करत नाही तेही ऐका. तो कुठेही तयारी दाखवायला जात नाही. दोन स्वर लावतो, थांबतो, गिटारवाला आणि कीबोर्डवाला काय करतात ते ऐकतो, मग त्यांच्या मधल्या जागेत शिरतो. जन्मभर रॅप केलेल्या माणसाची ही सवय असणार: बीटवर नेमकं कुठे पडायचं आणि कुठे सोडून द्यायचं. शिकाऊ वादकाला सगळ्यात अवघड जातं ते न वाजवणं. माझ्या गुरुजींनी यावरूनच मला सर्वांत जास्त बोलणी घातली आहेत.

सुरपेटी

फुंकर, 'न वाजवणं' हे ज्याला वाजवता येतं त्याचं कौतुक. ज्याला येत नाही त्याची ती मजबुरी. बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येतं, खरी अडचण तीच आहे. बाकी प्रतिसाद आवडला.

रविवारची_पेटी

सगळे आंद्रेवर बोलताहेत. अल्बम बनवला कुणाबरोबर, याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही.

लॉस एंजेलिसच्या एका उंची वाणसामानाच्या दुकानात त्याची गाठ कार्लोस नीन्योशी पडली. हा तालवाद्यं वाजवणारा आणि निर्माता. झांजा, घंटा, झाडाची पानंसुद्धा वाजवतो आणि वेगवेगळ्या लोकांना एका खोलीत आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं आंद्रेला अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या स्मरणार्थ होणाऱ्या एका मैफलीचं आमंत्रण दिलं. तिथून ही मंडळी जमली. गिटारवर नेट मर्सरो, कीबोर्डवर सूर्या बोटोफासिना, काही ठिकाणी ड्रमवर डिआन्टोनी पार्क्स. आधी लिहिलेलं काही नाही. बसायचं, ऐकायचं, वाजवायचं.

आता हा 'सूर्या' कोण? अ‍ॅलिस कोल्ट्रेन ही डेट्रॉइटची जॅझ वादक, चर्चमध्ये वाजवत मोठी झालेली. पती, जॅझमधले विख्यात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन, १९६७ मध्ये गेले, त्यानंतर ती स्वामी सच्चिदानंदांकडे वळली. १९७१ च्या तिच्या अल्बमवर वीणेसारखी झंकारणारी हार्प आहे आणि मागे चक्क तानपुरा आहे. पुढे तिनं कॅलिफोर्नियात अगोरा इथे आश्रम काढला. तिथे दर रविवारी भजनं व्हायची. शब्द संस्कृत, म्हणण्याची ढब कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली, साथीला सिंथेसायझर. आपण 'भजन' म्हणताना डोळ्यांसमोर आणतो त्यापेक्षा फार वेगळं, पण भजनच. सूर्या त्या आश्रमात वाढला. आई तिथलीच, हार्प वाजवणारी. २०१८ च्या वणव्यात आश्रम जळाला.

म्हणून 'न्यू ब्लू सन'मधले ते लांब धरलेले कीबोर्डचे स्वर ऐकताना मला ते हवेतून आलेले वाटत नाहीत. त्यामागे पन्नास वर्षांची एक परंपरा आहे आणि तिला कधीच मोठा श्रोता मिळाला नव्हता. आंद्रेच्या पुण्याईनं तो मिळाला असेल तर मी म्हणेन, पुण्याई याहून चांगल्या कामी लागत नाही. सुरपेटी, तुमचे ते मूठभर लोक ऐकत असलेले वादक? तेच तर या अल्बमवर वाजवताहेत हो.

बी_साइड

हा प्रतिसाद वाचून पुन्हा लावला. या वेळी जागा होतो. पाचव्या-सहाव्या तुकड्यात अजूनही दम वाटत नाही, पण हवाईत आपण पँथर झालो आणि घशातून खालचे गुरगुरते आवाज आवरेनात असं ज्याचं नाव आहे, तो तुकडा भारी आहे. नावं ठेवण्यात (दोन्ही अर्थांनी) रॅपर शिल्लक आहे म्हणायचा.

सुरपेटी

@रविवारची_पेटी, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोठा झाला, पण तुम्ही माझीच बाजू घट्ट केलीत. संगीत जर नीन्यो, सूर्या, मर्सरो यांच्या परंपरेचं आणि हातचं असेल, तर त्याला 'आंद्रेचा सोलो अल्बम' का म्हणायचं? मथळे कुणाचे छापून आले? 'रॅपरची बासरी.' बाकीचे साथीदार.

बीटखोर

आता कसं! ग्रॅमीचंही सांगून टाका. २०२५ ला तीन नामांकनं आणि हात हलवत परत. अल्बम ऑफ द इयर बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'ला, पर्यायी जॅझचं मेशेल एन्डेगिओचेलोला. आणि काय झालं? त्याच मे महिन्यात गडी मेट गाला या न्यूयॉर्कच्या फॅशन सोहळ्याला पाठीवर पियानो बांधून हजर, आणि त्याच रात्री पियानोचे सात तुकडे प्रसिद्ध. तेही म्हणे वर्षानुवर्षं पडून असलेल्या घरगुती ध्वनिमुद्रणांतले. पुढच्या वर्षी सनई काढतोय की काय!

डेक्कन_क्वीन

पियानोचं ऐकलं. तिथे मी सुरपेटींच्या बाजूनं आहे. एकटा बसून चाचपडतोय, ऐकायला गोड आहे, पण त्याचं नाव नसतं तर मी दुसऱ्या तुकड्यापर्यंत गेले नसते.

रविवारची_पेटी

म्हणजे पियानोला सोबत नव्हती, 'न्यू ब्लू सन'ला होती. मला तेच म्हणायचंय. आणि 'बाकीचे साथीदार' हे तितकंसं बरोबर नाही, सुरपेटी. ग्रॅमीच्या तीनपैकी एक नामांकन वाद्यरचनेसाठी होतं, त्याच माफीनाम्याच्या तुकड्याला. त्यात रचनाकार म्हणून चार नावं आहेत: आंद्रे, बोटोफासिना, मर्सरो, नीन्यो. २०२४ च्या दौऱ्यातही हीच मंडळी मंचावर होती आणि रोज रात्री नव्यानं, आधी न ठरवलेलं वाजवत होती. हिट गाणं मागायला आलेल्यांना तिथे एकही मिळालं नाही.

सुरपेटी

चार नावं आहेत हे मान्य, आणि ते चांगलंच झालं. मग मुखपृष्ठावरही चार टाकायला हवी होती. तेवढं केलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता.

फुंकर

चार नावं टाकली असती तर तुम्ही ऐकला असतात?